मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात : ठाणे जिल्ह्यातील बालक, कुटुंब आणि वृद्धांच्या संरक्षणाचा इतिहास

१/
दिवाळी सरली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी वाड्यांपुढे ट्रक आणि टेम्पो येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि कडेवरची मुले घेऊन कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. वाडीत मागे उरतात ती म्हातारी माणसे. गावच्या अंगणवाडीच्या पटावर मात्र गेलेल्या मुलांची नावे तशीच राहतात.

२/
आसनगाव हे या मुलखाचे रेल्वेवरील दार. कल्याणहून कसाऱ्याकडे सरकणारा लोहमार्ग १८६० च्या सुमारास येथे पोहोचला. स्थानकापासून शहापूरचे तहसील कार्यालय, पंचायत समिती आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय फार दूर नाही. सेवा आहे, कार्यालय आहे, यादीत नावही आहे. माणूस मात्र वर्षातील सहा-सात महिने दुसऱ्याच तालुक्यात असतो. मग त्याचे रक्षण कोणी करायचे?

३/
हा प्रश्न नवा नाही. त्याचे एक मूलगामी उत्तर १९४५ नंतर याच जिल्ह्यात शोधले गेले आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला मिळाला. त्या उत्तराचे पुढे काय झाले, याचा हा धागा.

आरंभी भूगोलाची एक नोंद. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचा ठाणे जिल्हा डहाणूच्या समुद्रापासून माळशेजच्या घाटापर्यंत पसरलेला होता. म्हणून पुढे येणारी बोर्डी, कोसबाड आणि जव्हार ही स्थळे त्या काळी ठाणे जिल्ह्यातीलच.

४/
कातकरी हे नावच व्यवसायातून आले. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाची राखीव आणि संरक्षित अशी विभागणी पक्की होत गेली. खैर तोडणे, कोळसा पाडणे, शिकार करणे यांवर निर्बंध आले. जमीन नावावर नव्हती आणि जंगल हातचे गेले. उरली ती दुसऱ्याच्या शेतावरची, भट्टीवरची मजुरी, आणि त्या मजुरीसाठीची भटकंती.

५/
१९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे प्रमुख झाले. त्याच काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे डोंगरी आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी सोपवण्यात आली. १९३९ च्या त्याच्या अहवालात सावकारी, वेठ आणि कर्जापोटी राबणारी माणसे यांचे चित्र सरकारी कागदावर उमटले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारी बांधले जात. डहाणू-उंबरगाव भागात अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. या जोडप्याच्या मुलाचे बालपण मालकाची गुरे राखण्यात जाई.

६/
मुलांसाठी कायदा त्या काळी नव्हता असे नाही. मद्रास प्रांताने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये बालकांविषयीचा कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पण या कायद्यासमोर शहरातील मूल होते : रस्त्यावर भटकणारे, भीक मागणारे, पोलिसांच्या हाती लागणारे. त्याच्यासाठी न्यायालय आणि निवासगृह उभे राहिले. मालकाची गुरे राखणारे ठाणे जिल्ह्यातील मूल कोणाच्या नजरेत ‘बेवारस’ नव्हते. ते कामावर होते, एवढेच.

७/
१९४५ हे वर्ष या जिल्ह्याच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. जानेवारीत आसनगावच्या अलीकडे, त्याच लोहमार्गावरील टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. दुसरीकडे, समुद्रकाठच्या बोर्डी गावात दोन शिक्षिकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. एका वाटेने मोठ्यांच्या हक्काचा प्रश्न पुढे आला, दुसऱ्या वाटेने मुलांचा.

८/
ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरच्या शिशुविहारात त्यांनी हे काम शहरी मराठी घरांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातील मुलास कशी मिळणार, हा प्रश्न त्यांना सतावत होता. पन्नाशी उलटल्यावर त्या शहर सोडून बोर्डीस आल्या, त्या या प्रश्नापायी.

९/
त्यांच्यासह आलेल्या अनुताई वाघ यांचा जन्म १९१० मधला, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालविवाह झाला आणि तेराव्या वर्षी वैधव्य आले. समाजाने ज्यांच्या वाट्याला कोपरा दिला, त्या बाईने शिक्षण पूर्ण केले आणि शिक्षिकेचे काम पत्करले. १९४५ पासून पुढचे सारे आयुष्य त्यांनी ठाणे जिल्ह्यातील मुलांस दिले.

१०/
बोर्डीत बालवाडी उघडली. सुखवस्तू घरांतील मुले येऊ लागली. दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले मात्र येईनात. कुणी धाकट्या भावंडास सांभाळत होते, कुणी गुरांमागे होते. अंगावर धड कपडा नसल्याने कुणी बुजत होते. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असा शेरा मारून पट बंद करणे सोपे होते. या दोघींनी उलट केले. मुले येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी.

११/
अंगणात गेल्यावर कामाचे स्वरूपच पालटले. मुलाला शिकवण्यापूर्वी त्याला न्हाऊ घालावे लागे, नखे कापावी लागत, खरूज पुसावी लागे. पाने, बिया, शिंपले, खडे हीच शिक्षणाची साधने झाली. मुलाच्या पाठोपाठ आई दिसली, आजी दिसली, घरातील उपास दिसला. शिक्षण, आरोग्य आणि आहार या तीन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी नाहीत, हे तेथे उघड झाले. सरकारी भाषेत ज्याला पुढे ‘एकात्मिक’ म्हटले गेले, ते अंगणात प्रथम अनुभवाने कळले होते.

१२/
१९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारली मुले दिवसभर गुरे घेऊन रानात असत. म्हणून शाळा कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ही येथेच साकारली. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवता आले, म्हणून थोरली बहीण वर्गात बसू शकली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत हे काम चालवले.

१३/
दरम्यान राज्याची रचना बदलत होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, समाजकल्याण ही कामे जिल्ह्याच्या लोकनियुक्त संस्थेकडे आली. शहापूर-मुरबाडमधील आदिवासी पाड्याच्या दृष्टीने सरकार मुंबईहून ठाण्याला आणि ठाण्याहून तालुक्याला आले. पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून बाकी होता.

१४/
१९७२ च्या दुष्काळाने एक तत्त्व रुजवले : काम मागणाऱ्यास काम देणे ही राज्याची जबाबदारी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली. तिचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. गावाजवळ काम मिळाले तर कुटुंब गाव सोडत नाही आणि मूल अंगणवाडीतच राहते. बालसंरक्षणाचा विचार करताना ही योजना सहसा आठवत नाही. पण कुटुंब एका जागी टिकवणारे याहून मोठे साधन राज्याकडे नव्हते.

१५/
२ ऑक्टोबर १९७५. केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि मातांसाठी आरोग्य-शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आल्या. त्या केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या वस्तीतील शब्द देशाच्या शासन निर्णयांत गेला. ठाणे जिल्ह्याने राष्ट्राला दिलेली ही कदाचित सर्वांत मोठी देणगी.

१६/
शब्द गेला, पण त्यामागची युक्ती पूर्णपणे गेली का? योजनेसाठी निकष आवश्यक होते : इतक्या लोकसंख्येमागे एक केंद्र, एक सेविका, एक मदतनीस, एक सर्वेक्षण, एक पट. हळूहळू अंगणाची इमारत झाली. आहाराचे धान्य सर्वेक्षणातील नावांवरून येऊ लागले. लाखो मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी हे अपरिहार्यच होते. मात्र मूळ अंगणवाडी मुलामागे चालत जाई. नव्या अंगणवाडीत मुलाने चालत यायचे होते. चालत न येणारे मूल पुन्हा निसटू लागले.

१७/
त्याच काळात दोन मोठे कायदेशीर आधार उभे राहिले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद आली. १९८० मध्ये राज्याने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. निराधार वृद्ध, अपंग, विधवा, परित्यक्ता आणि अनाथ मुले यांना दरमहा रक्कम देणारी ही योजना तहसील कार्यालयातून चालते. पाड्यावरील म्हातारीला सरकारने नियमितपणे काही पाठवावे, ही कल्पनाच तोपर्यंत नवी होती.

१८/
कायदा झाला म्हणून वेठ संपली नाही. १९८२ मध्ये वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने श्रमजीवी संघटना उभी राहिली. १९७६ चा कायदा हाती घेऊन तिने वेठबिगारांना मुक्त करवण्याचे काम केले आणि पुढे ते जिल्ह्याच्या इतर आदिवासी तालुक्यांत नेले. वीटभट्टीवरचे बंधन मात्र वेगळ्या रूपात टिकले. पावसाळ्यात बयाणा घ्यायचा, हंगामभर आठवड्याच्या खर्चीवर जगायचे, शेवटी हिशेब व्हायचा. हिशेबात पैसे अंगावर फिरले, की पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

१९/
१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर मुले अन्नावाचून मरतात, हे वृत्तपत्रांतून राज्याने वाचले. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांना तेथे जावे लागले. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय झाले. अंगणवाडीची जन्मभूमी असलेल्या जिल्ह्यात हे घडावे, यातील विसंगती बोचरी होती.

२०/
१९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. आरोग्य, धान्य, रोजगार, पाणी या खात्यांचा समन्वय जिल्हाधिकाऱ्यांकडे देण्यात आला. पाड्यावरच राहणारा ‘पाडा स्वयंसेवक’ नेमला गेला. पावसाळ्यात तुटणाऱ्या वस्त्यांवर जाण्यासाठी डॉक्टरांची ‘भरारी पथके’ आली. या दोन्ही गोष्टींकडे नीट पाहिले तर बोर्डीचा जुना धडा दिसतो : रुग्ण येत नसेल, तर दवाखान्याने जावे.

२१/
वीटभट्टीवरची मजुरांची तात्पुरती झोपडी म्हणजे भोंगा. १९९० च्या दशकाच्या मध्यास विधायक संसद आणि श्रमजीवी यांनी ठाणे जिल्ह्यातील भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ सुरू केल्या. शिकवणारे बहुतेक त्याच समाजातील तरुण. विटा उलटवणारी, धाकट्यांना सांभाळणारी मुले काही तास तरी अक्षरांपाशी बसू लागली. हंगाम संपून कुटुंब गावी परतले, की मुलाचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत पुढे चालू राहावे, हा उद्देश. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा हे त्याच विचाराचे भावंड.

२२/
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक मुलास नियमित शाळेत, वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला. भोंगाशाळेसारखी अनौपचारिक केंद्रे त्या चौकटीत बसेनात. दुय्यम दर्जाचे शिक्षण गरिबांच्या माथी मारू नये, हा यामागील विचार योग्यच होता. तथापि भट्टीपासून शाळा दूर असेल, वाटेत महामार्ग असेल, तर हक्क कागदावरच राहतो. त्यासाठी स्थलांतरित मुलांना शिक्षण हमीपत्रक देण्याची पद्धत आली. ते दाखवून मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकते.

२३/
मागे राहिलेल्या वृद्धांचे काय? निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे अनुदान वाढत गेले. २०२३ मध्ये ते दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाले. पण त्यासाठी वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य हे सारे सिद्ध करावे लागते. ज्या पिढीच्या जन्माची नोंदच झाली नाही, तिच्यासाठी वयाचा दाखला हाच पहिला डोंगर. तो दाखला मिळवण्यासाठी धावणारा मुलगा नेमका हंगामात भट्टीवर असतो.

२४/
२००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा आला. मुले सांभाळत नसतील तर आई-वडील उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. घर किंवा जमीन लिहून घेऊन आई-वडिलांस वाऱ्यावर सोडणाऱ्यांविरुद्ध हा कायदा उपयोगी ठरला. पण देण्यासारखे ज्या घरात काहीच नाही, तेथे मुलावर दावा लावून काय मिळणार? शहापूरच्या दुर्गम पाड्यावरील म्हाताऱ्याला त्यासाठी भिवंडीचे प्रांत कार्यालय गाठावे लागते, ही अडचण निराळीच.

२५/
या साऱ्याच्या मुळाशी पत्ता आहे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. घराखालची जागा नावावर नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर चढत नाही. घर नाही, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून योजना नाही. शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला मोठे अधिकार दिले. तथापि ग्रामसभेत हात वर करण्यासाठीही माणूस गावात असावा लागतो.

२६/
२०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. पुढे मुलांसाठी अंडी आणि केळीही त्यात आली. अंगणवाडीत दिवसातून एकदा पूर्ण, गरम जेवण हे तिचे मोल. मात्र सातव्या महिन्यातील कातकरी स्त्री भट्टीवर असेल, तर ताट गावात आणि ती चिखलात. भट्टीजवळच्या अंगणवाडीने तिला सामावून घ्यावे असा नियम आहे. पण त्यासाठी ती तेथे आली आहे, हे कुणीतरी कळवावे लागते.

२७/
अलीकडे राज्यानेही हे ओळखले. २०१९ पासून शिधापत्रिकेवरील धान्य दुसऱ्या ठिकाणी मिळण्याची सोय सुरू झाली. त्यानंतर महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली काही जिल्ह्यांत राबवली; त्यांत पालघर होता. गावची सेविका नाव पाठवते, भट्टीजवळची सेविका ते नाव घेते. पट आता मुलासोबत प्रवास करू लागला. कुरणशाळेपासून या प्रणालीपर्यंतचा धागा एकच आहे.

२८/
धोका मात्र टळलेला नाही. २०२२ मध्ये कसारा घाटापलीकडच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबत असल्याचे उघडकीस आले. हे बाहेर आले ते एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. तोवर वेठबिगारी रद्द होऊन ४६ वर्षे झाली होती. मुले महिनोन्‌महिने गावात नव्हती आणि त्यांच्या गैरहजेरीचा अर्थ कुणी लावला नव्हता.

२९/
म्हणून बालसंरक्षणातील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे हजेरीपट. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असावी, अशी आज व्यवस्था आहे. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही आहे. या समितीने दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ होईल : पटावरची कोणती मुले आज गावात नाहीत, ती कुठे आहेत आणि त्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना कोण पाहते?

३०/
ताराबाई आणि अनुताईंनी बोर्डीत नेमका हाच प्रश्न विचारला होता. मुले का आली नाहीत, हे पाहण्यासाठी त्या वस्तीत चालत गेल्या. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर आज जी सेविका, आशा किंवा ग्रामपंचायत अधिकारी हंगामाच्या तोंडी दारोदार फिरून कोण निघाले आणि कोण मागे राहिले याची नोंद घेतो, तो त्याच परंपरेतील आहे. (समाप्त)